एक वाहिनी, दोन मराठी
मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सातारा-सांगलीच्या घराघरांत ते रुजले ऐंशीच्या दशकात, प्रक्षेपकांचे जाळे वाढल्यावर. वाहिनी एकच. त्यामुळे तासगावच्या द्राक्षबागायतदारापुढे ‘आमची माती, आमची माणसं’इतकेच ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ही येई, आणि दादरच्या प्राध्यापकाला मावा-करपा ऐकावा लागे. ही सक्ती मला गुणाचीच वाटते. उणीव होती भाषेत. बातम्या, निवेदन, चर्चा प्रमाण मराठीत. वाळवा-माणची बोली बहुधा नाटुकल्यातल्या गड्याच्या तोंडी, हशापुरती. (विष्णुदास भाव्यांच्या सांगलीने हेही निमूट पाहिले!) आज ‘सह्याद्री’च्या थेट कार्यक्रमात एखादा हळद उत्पादक फोनवरून कंदकुजीविषयी विचारतो, तेव्हा ती बोली अस्सल ऐकू येते. तज्ज्ञ उत्तर देतात ते मात्र प्रमाण मराठीतच.