डीजे प्रीमियर : तुकड्यांतून उभे राहिलेले संगीत

डीजे प्रीमियर हे १९९० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या हिप-हॉपचे एक प्रमुख प्रोड्यूसर. त्यांचे मूळ नाव ख्रिस्तोफर मार्टिन. जन्म १९६६ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टनचा. प्रेअरी व्ह्यू येथील विद्यापीठात शिकत असताना ‘वॅक्समास्टर सी’ या नावाने ते डीजे म्हणून वाजवू लागले आणि पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात येऊन स्थिरावले. बॉस्टनच्या गुरू (कीथ एलम) या रॅपरने स्थापन केलेल्या ‘गँग स्टार’मध्ये ते सामील झाले. ‘नो मोअर मिस्टर नाइस गाय’ हा या जोडीचा पहिला अल्बम १९८९ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी स्पाइक ली यांच्या ‘मो बेटर ब्लूज’ या चित्रपटासाठी सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्यासह केलेल्या ‘जॅझ थिंग’मुळे त्यांचे नाव जॅझ आणि हिप-हॉप यांच्या मेळाशी जोडले गेले.

मात्र त्यांची खरी ओळख ठरली ती सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा, वापरण्याची पद्धत. सुरुवातीच्या काळात अनेक प्रोड्यूसर जुन्या गाण्यातला एखादा सलग भाग उचलून तो लूपच्या रूपात फिरवत. १९९१ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील संघराज्य न्यायालयाने बिझ मार्की यांच्या गाण्यासंबंधीच्या खटल्यात विनापरवानगी सॅम्पलिंगच्या विरोधात निकाल दिला आणि मोठे, सहज ओळखू येणारे सॅम्पल महाग व धोक्याचे झाले. प्रीमियर यांची कला या परिस्थितीत विशेष खुलली. सॅम्पलचे बारीक तुकडे करायचे, ते अकाई एमपीसी-६० या यंत्राच्या सोळा बटणांवर वाटून ठेवायचे आणि बोटांनी नव्या क्रमाने वाजवायचे, ही त्यांची रीत. यंत्र इतर अनेकांकडेही तेच होते. काय उचलावे आणि किती उचलावे, ही जाण त्यांची स्वतःची होती.

जेरू द डमाजा यांचे ‘कम क्लीन’ (१९९३) हे गाणे त्याचा उत्तम नमुना आहे. जॅझ ड्रमवादक शेली मॅन यांच्या ‘इन्फिनिटी’ या रेकॉर्डमधले, पाण्याचे थेंब टपकावेत तसे काही मोजके नाद प्रीमियर यांनी घेतले आणि त्यांखाली जड ड्रम ठेवले. गाण्यात नेहमीच्या अर्थाने चाल नाही, तरी पहिल्या क्षणापासून ताण जाणवतो. नास यांच्या ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ (१९९४) मध्ये जो चेंबर्स यांच्या रेकॉर्डमधला पियानोचा खालच्या पट्टीतला तुकडा असाच परत परत येतो. रॅपरच्या शब्दांना जागा मोकळी ठेवणे, हे या दोन्ही रचनांचे बळ आहे.

दुसरे वैशिष्ट्य ध्रुवपदाचे. गायलेल्या ध्रुवपदाऐवजी प्रीमियर अनेकदा वेगवेगळ्या रॅपरांच्या जुन्या ओळींतले शब्द वेचतात आणि टर्नटेबलवर स्क्रॅच करून त्यांचे नवे वाक्य जुळवतात. त्यामुळे डीजे गाण्यात बोलू लागतो आणि आधीच्या कलावंतांचे ऋणही तिथेच मान्य होते. प्रोड्यूसर स्टुडिओपुरता आणि डीजे मंचापुरता, अशी विभागणी होत असतानाच्या काळात त्यांनी दोन्ही भूमिका एकत्र ठेवल्या. हेच त्यांचे सर्वांत मौलिक योगदान म्हणावे लागेल.

१९९४ हे त्यांच्या बहराचे वर्ष. ‘गँग स्टार’चा ‘हार्ड टू अर्न’, जेरू यांचा पहिला अल्बम, नास यांच्या ‘इलमॅटिक’मधली तीन गाणी आणि नोटोरियस बी.आय.जी. यांचे ‘अनबिलिव्हेबल’ हे सारे त्याच वर्षातले. यातले बरेच काम मॅनहॅटनमधील ‘डी अँड डी’ स्टुडिओत झाले. पुढे १९९८ च्या ‘मोमेंट ऑफ ट्रूथ’ने ‘गँग स्टार’ला गोल्ड रेकॉर्डचा मान मिळवून दिला. २००६ मध्ये क्रिस्टिना अगिलेरा यांच्या ‘एंट नो अदर मॅन’वरील कामातून मुख्य प्रवाहातल्या पॉप संगीतातही त्यांची पद्धत चालते, हे दिसून आले.

त्यांच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. ड्रमची ठेवण आणि स्क्रॅच केलेले ध्रुवपद हा साचा पुढे इतका ओळखीचा झाला, की २००० नंतरच्या काही रचनांत नावीन्यापेक्षा सफाई अधिक जाणवते. दक्षिणेकडील शहरांतून सिंथेसायझरवर आधारलेला ध्वनी पुढे आला, तेव्हाही ते आपल्या वाटेवरून फारसे हलले नाहीत. या निष्ठेमुळे त्यांचा श्रोतृवर्ग टिकला, पण प्रयोगाचा आवाका आक्रसला. गुरू यांचे २०१० मध्ये निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवर प्रीमियर यांनी ‘वन ऑफ द बेस्ट येट’ (२०१९) हा अल्बम उभा केला. जुना मेळ त्यात शाबूत आहे.

सॅम्पलिंग म्हणजे उसनवारी, हा आक्षेप प्रीमियर यांच्या उत्तम कामापुढे टिकत नाही. निवड, काटछाट आणि मांडणी यांतूनही स्वतंत्र रचना घडते, हे त्यांच्या १९९० च्या दशकातील बीट्सनी निर्विवाद सिद्ध केले आहे.