सर जॉन सोन यांचे घर : संग्रह आणि साक्ष

लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स या चौकातले सर जॉन सोन यांचे घर पाहताना प्रथम जाणवते ती वस्तूंची दाटी. रोमन अस्थिकलश, प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरमधील प्रतिकृती, न्याहारीच्या खोलीतले बहिर्वक्र आरसे, आणि तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची दगडी शवपेटी. ती सोन यांनी १८२४ मध्ये २,००० पौंडांना घेतली.

या संग्रहाकडे एक तर हौशी माणसाचा पसारा म्हणून पाहिले जाते, नाही तर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी मांडलेली शाळा म्हणून. सोन रॉयल अकादमीत वास्तुकलेचे प्राध्यापक होते, त्यामुळे दुसरे मत अधिक सबळ आहे. तरी दोन्हींत घरातली माणसे सुटतात.

गवंड्याच्या पोटी जन्मलेले सोन बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद झाले. आपल्यामागे वास्तुविशारदांचे घराणे चालावे, ही त्यांची इच्छा मुलांनी पुरी केली नाही. १८१५ मध्ये धाकट्या जॉर्जने वडिलांच्या वास्तूंवर निनावी, जिव्हारी लागणारी टीका छापली. लेखक कोण, हे आई एलिझाला कळले. त्याच नोव्हेंबरात ती वारली. सोन यांनी ते लेख चौकटीत बसवले आणि जॉर्जने केलेले हे प्राणघातक घाव, अशा अर्थाची पाटी त्यावर लावली. १८३३ मध्ये त्यांनी पार्लमेंटकडून कायदा करवून घेऊन घर राष्ट्राला दिले. मांडणी शक्यतो आहे तशीच ठेवावी, ही त्यातली अट. जॉर्जचा घरावरचा हक्क त्यामुळे गेला.

आता चित्रांच्या खोलीत यावे. तिच्या भिंती दारांसारख्या उघडतात आणि आतून आणखी चित्रे दिसतात. इथेच विल्यम होगार्थची 'अ रेक्स प्रोग्रेस' ही आठ चित्रे आहेत : बापाची दौलत उधळून अखेर वेड्यांच्या इस्पितळात पोचलेल्या मुलाची कथा. तिच्यात जॉर्ज दिसावा, हे साहजिक आहे. पण ही चित्रे एलिझाने १८०२ मध्ये लिलावात घेतली, तेव्हा जॉर्ज लहान होता. म्हणजे खरेदीमागे राग नव्हता. ही खोली मात्र १८२४ मध्ये, नाते तुटल्यावर बांधली गेली. त्यामुळे आज या चित्रांना आलेला अर्थ खरेदीतून नव्हे, मांडणीतून आला आहे.

म्हणूनच कायद्याने जपलेली ही मांडणी निव्वळ संग्रह मानता येत नाही. ती एका बापाची साक्ष आहे, आणि तिची उलटतपासणी झालेली नाही. मुलाचे शब्दही या घरात आले ते बापाने घातलेल्या चौकटीतच.