गोर-ए-गरीबाँ : थॉमस ग्रेची उदासी

थॉमस ग्रे (१७१६-१७७१) या इंग्रज कवीने हयातीत हजार ओळींचीही कविता प्रसिद्ध केली नाही. तरी १७५१ साली आलेल्या एका शोककवितेने त्याचे नाव अमर केले. सांजवेळ, खेड्यातील दफनभूमी आणि अनाम कष्टकऱ्यांच्या कबरी, एवढाच तिचा विषय. रशियात झुकोव्स्कीने १८०२ मध्ये तिचा अनुवाद केला. तेथील नव्या कवितेवर त्याचा खोल ठसा उमटला.

उर्दूत ती हैदराबादच्या नज़्म तबातबाईंनी आणली. त्यांची ‘गोर-ए-गरीबाँ’ १८९७ मध्ये अब्दुल हलीम शरर यांच्या ‘दिलगुदाज़’मध्ये प्रसिद्ध झाली. गझल, मसनवी, मुसद्दस यांना सरावलेल्या कानांना एकाआड एक यमकाची चार ओळींची कडवी नवीन होती. शीर्षकही विचार करायला लावते. मराठीत गरीब म्हणजे निर्धन. उर्दूत त्याचा अर्थ परका, बेवतन असाही होतो. ग्रेची माणसे आपल्याच गावात पुरलेली आहेत, पण जगाच्या लेखी परकीच आहेत.

या अनाम लोकांत एखादा मोठा कवी किंवा नेता असू शकला असता, असे ग्रे म्हणतो. गरिबीने त्यांना रोखले, हेही तो सांगतो. पण लगेच समुद्रतळाच्या रत्नाची आणि रानात सुकणाऱ्या फुलाची उपमा देतो. माझा आक्षेप येथे आहे. १९३५ मध्ये समीक्षक विल्यम एम्प्सन यांनीही हेच दाखवले : रत्नाला अंधारात राहण्याचे दुःख नसते, माणसाला असते. या उपमेने समाजाचा दोष निसर्गाच्या माथी जातो.

ग्रेचे स्वतःचे आयुष्य याची साक्ष देते. बारा भावंडांत तो एकटाच जगला. त्याची आई बहिणीसह लंडनमध्ये टोप्या व स्त्रियांच्या कापडी वस्तूंचे दुकान चालवी. त्या कमाईतून तो ईटनच्या शाळेत शिकला. ते दुकान नसते तर कदाचित तोही मुकाच राहिला असता.

उर्दू माध्यमाच्या वर्गात शिकवताना हे मला वारंवार आठवते. हुशार मूल दहावीनंतर दिसेनासे झाले की लोक ‘नसीब’ म्हणतात. ग्रेची उदासी मला प्रिय आहे. परंतु तिच्या आडोशाने ‘नसीब’ म्हणून गप्प बसणे मला मंजूर नाही.