स्मशानातील शृंगार

भूतपिशाचांच्या कथांविषयी आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत एक ठरीव मत आढळते. या कथा प्रवासात वाचावयाच्या, आणि वाचून झाल्यावर त्यांचे नाव चारचौघांत काढावयाचे नाही. अलीकडे या मतास नवे निमित्त मिळाले आहे. जपानी चित्रकथा, ज्यांस तिकडे मांगा म्हणतात, त्या आमच्या तरुण वाचकांच्या हाती आल्या आहेत. आणि त्यांत एक पंथ असा आहे की, अमानुषाचे भय व दोन जीवांची परस्परांविषयीची ओढ ही त्यात एकाच पानावर नांदतात. भुताखेतांवर जीव लावण्याची ही कोणती तऱ्हा, असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु ही तऱ्हा परदेशातून आली, ही समजूत मात्र खरी नाही. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावात बसून या प्रश्नाचा विचार करणारास तर तिचे मूळ शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

भवभूती आपले कुळ पद्मपूरचे असल्याचे सांगतो. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. पदमपूर आज गोंदिया जिल्ह्यात मोडते. पण १९९९ साली जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत करडी आणि पदमपूर ही दोन्ही गावे एकाच भंडारा जिल्ह्यात होती. उत्तररामचरिताचा कर्ता म्हणून या कवीस सर्वच ओळखतात. पण त्याच्या मालतीमाधव या दहा अंकी प्रकरणातील पाचवा अंक काढून पाहावा. मालतीचा विवाह राजाच्या मर्जीतील नंदनाशी ठरत असल्याचे कळून निराश झालेला माधव रात्री स्मशानात येतो आणि तेथील भुतांस नरमांस देऊ करीत हिंडतो. कवी त्या पिशाचांचे वर्णन हात राखून करीत नाही. इतक्यात एक आर्त स्वर ऐकू येतो. तो ओळखीचा आहे. कराला देवीच्या देवळात अघोरघंट नावाचा कापालिक आपली शिष्या कपालकुंडला हिच्यासह बळी देण्याच्या तयारीत आहे, आणि तो बळी म्हणजे मालती!

साहित्यशास्त्रकारांच्या मते भयानक आणि शृंगार हे परस्परविरोधी रस होत. एकाच ठिकाणी त्यांची गाठ पडल्यास दोघांचाही रसभंग व्हावयाचा. मात्र दोहोंचे आश्रय निराळे ठेवले, किंवा एकास दुसऱ्याचे अंग बनविले, तर विरोध मिटतो, अशी सोय आनंदवर्धनाने करून ठेविली आहे. भवभूतीने या दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत, असे आम्हांस वाटते. अंकाच्या आरंभी भय वाटते ते प्रेक्षकास. माधवास पिशाचांचे काहीच वाटत नाही, कारण गमावण्याजोगे त्याच्यापाशी आता काही उरले नाही अशी त्याची समजूत आहे. तो स्वर कानी पडताच मात्र त्याची ही निर्भयता क्षणात ढासळते. पिशाचांच्या झुंडींनी जे झाले नाही, ते एका ओळखीच्या आवाजाने होते. ज्याची कशावरही प्रीती नाही त्यास भिवविता येत नाही, हे मर्म या कवीने बाराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

त्याच नाटकात या मर्माचा विसर पडल्यास काय होते, हेही दिसते. पुढे कपालकुंडला सूडाने मालतीस पळवून नेते, आणि तिची सुटका करते ती योगसिद्धीने आकाशमार्गे फिरणारी सौदामिनी. येथे संकटही सामर्थ्याचे आणि उपायही सामर्थ्याचाच. नायक-नायिकांच्या स्वभावास करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून शेवटच्या अंकांत चमत्कार वाढतो, पण पाचव्या अंकातील थरकाप पुन्हा लाभत नाही.

सोमदेवाच्या कथासरित्सागरातील वेताळकथांत मंदारवतीची गोष्ट आहे. तिच्यावर तिघे तरुण अनुरक्त असतात. ती तापाने मरते. एक जण स्मशानात झोपडी बांधून तिच्या राखेवर निजतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेस नेतो, आणि तिसरा देशोदेशी भटकून मृतसंजीवनाचा मंत्र मिळवितो. ती उठून बसल्यावर तिचा पती कोण, हा वेताळाचा प्रश्न. राजा म्हणतो, ज्याने जीव दिला तो पित्यासारखा, अस्थी नेल्या तो पुत्रासारखा; राख कवटाळून राहिला तोच पती. या निवाड्याकडे लक्ष द्यावे. मंत्राची सिद्धी ही कथेतील सर्वांत अद्भुत गोष्ट. पण राजाच्या लेखी तिचे मोल राखेशेजारी काढलेल्या रात्रींहून कमी आहे. अद्भुत हे माणूस पारखण्याची केवळ कसोटी ठरते.

आता जपानकडे वळू. उएदा आकिनारी याच्या उगेत्सु मोनोगातारी या १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात अशी एक कथा आहे की, व्यापारास गेलेला नवरा युद्धामुळे अडकून सात वर्षांनी घरी येतो, वाट पाहणाऱ्या बायकोजवळ रात्र काढतो, आणि सकाळी पडक्या घरात एकटाच जागा होतो. त्या स्त्रीने त्यास काहीच इजा केलेली नाही. वाचकाच्या अंगावर काटा उभा राहतो तो तिच्या निष्ठेने.

याच कुळातील आजची चित्रकथा म्हणजे मोकुमोकुरेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराची, २०२१ साली सुरू झालेली, ‘हिकारू गा शिंदा नात्सु’, म्हणजे ‘हिकारू मेला तो उन्हाळा’. डोंगरातील खेड्यात राहणाऱ्या योशिकीचा जिवलग मित्र हिकारू रानात नाहीसा होऊन परत येतो. पण परत आला तो हिकारू नव्हे, हे योशिकी ओळखतो. तेच रूप, त्याच आठवणी, आणि आत कोणी भलतेच. आरंभीच्याच प्रकरणात तो हे त्या प्राण्यास बोलून दाखवितो. म्हणजे सामान्य भयकथा जे रहस्य अखेरपर्यंत राखून ठेवील, ते येथे प्रथमच उघडे केले आहे. मग उरते काय? उरतो योशिकीचा निर्णय: अजिबात नसण्यापेक्षा हे असलेले बरे. गावात अनिष्ट घडू लागते, तरी तो त्यास दूर लोटीत नाही. चौकटीच चौकटी उन्हाळी किड्यांच्या किर्र आवाजाच्या अक्षरांनी भरलेल्या असतात आणि त्यांत दोन मुलगे गप्प बसलेले असतात. त्यांच्यातील ओढीस कथा नाव देत नाही, आणि न दिल्यानेच ती अधिक जाणवते. मात्र हप्त्याहप्त्याने लांबणाऱ्या या प्रकारात एक धोका आहेच. भुताची सवय होते, आणि सवय झालेले भूत पाळीव मांजरासारखे वाटू लागते. असल्या पुष्कळ चित्रकथा या खड्ड्यात पडतात.

मराठीपुरते बोलावयाचे तर नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी हे दालन समृद्ध केले. धारपांच्या समर्थकथांत दुष्ट शक्तीशी झुंजणारा समर्थ वाचकास धीर देतो. त्या कथांचे सुख संरक्षणाचे आहे. मतकरींची गूढकथा माणसाच्या मनात उतरते आणि तेथेच काळोख दाखविते. परंतु ज्यास भ्यावे त्यावरच जीव जडावा, हा नाजूक प्रकार आमच्याकडे अद्याप विरळा. भवभूतीच्या वारसांस हे भूषणावह नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. करणीच्या संशयावरून शेजाऱ्यास मारहाण होण्याचे प्रकार ज्या राज्यात घडत आले, २०१३ साली ज्यास जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथे भूतकथांचे कौतुक करावे काय? आमचे उत्तर असे. ज्या म्हातारीवर गाव करणीचा आळ घेते, तिचे नाव, तिची दुःखे, तिचे लेकरू हे सारे गाव आधी विसरते. त्यानंतरच हात उगारला जातो. अंधश्रद्धा माणसात भूत पाहते. चांगली कथा उलट दिशेने चालते. ती भुताच्या ठिकाणीही नाव, आठवण आणि एकाकीपण शोधते. अशी कथा वाचून शेजारणीवर दगड उचलण्याची बुद्धी होईल असे आम्हांस वाटत नाही. ज्या कथेत अमानुष ते केवळ ठेचण्यासाठीच असते, तिच्याविषयी मात्र आम्ही इतकी हमी देणार नाही.

तेव्हा पालकांनी पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वी ते स्वतः वाचावे आणि एकच प्रश्न विचारावा: यातील भूत वगळले तर उरलेल्या माणसांविषयी आपणांस काही वाटते काय? वाटत नसेल तर ते पुस्तक खुशाल बाजूस ठेवावे. वाटत असेल, तर मुलांशी त्याविषयी बोलावे, आणि त्याच बैठकीत मालतीमाधवाचा पाचवा अंकही त्यांच्यापुढे ठेवावा. पदमपूर येथून फार लांब नाही.