‘हुबेहूब’ : एका शब्दाचा अर्थ, उपयोग आणि ग्रामीण साहित्याची समीक्षा

ग्रामीण साहित्यावरील परीक्षणांत ‘ग्रामीण जीवनाचे हुबेहूब चित्रण’ हे शब्द इतक्या सहजतेने येतात की त्यांचा अर्थ तपासण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ‘हुबेहूब’ हा शब्द ‘हू-ब-हू’ या अरबी-फारसी घडणीच्या रूपावरून मराठीत आला. अखेरचा ‘ब’ मात्र मराठीचा.

साम्यवाचक शब्द मराठीत अनेक असले तरी ते परस्परांच्या जागी चालत नाहीत. आकडे ‘तंतोतंत’ जुळतात, भविष्य ‘तंतोतंत’ खरे ठरते. तेथे ‘हुबेहूब’ बसत नाही. ‘एकसारखी’ घरे म्हटले की रूपाचा बोध होतो. पाटण खोऱ्यातला ‘एकसारखा’ पाऊस म्हटले की तोच शब्द काळाकडे वळतो आणि न थांबणे सुचवितो. ‘हुबेहूब’चा प्रांत चेहरा, आवाज, चित्र आणि नक्कल यांचा. गावात पोलिसाचे सोंग घेऊन आलेल्या बहुरूप्यास लोक ‘हुबेहूब पोलीस’ म्हणतात. खऱ्या पोलिसास तसे कोणी म्हणत नाही. म्हणजे दोन वस्तू भिन्न आहेत हे ठाऊक असल्याखेरीज हा शब्द उच्चारताच येत नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने उपमेसाठी साधर्म्याबरोबर भेदही आवश्यक मानला, आणि भेदाचे भान सुटते तेथे ‘भ्रांतिमान’ हा निराळा अलंकार कल्पिला, तो याच विवेकाने.

समीक्षेत हा विवेक हरवतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’स (१९५५) ‘हुबेहूब’ म्हणणारा वाचक मूळ कशास मानतो? कादंबरीतील धनगरवाडी कोरड्या माणदेशातील. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस, कोयना आणि केरा यांच्या संगमावर वसलेल्या पाटणच्या वाचकाचा अनुभव अतिवृष्टीचा आहे. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळाने वाडी ओस पडते. कोयना खोऱ्यातील गावे उठली ती १९५६ ते १९६४ या काळात बांधल्या गेलेल्या धरणाच्या पाण्यामुळे. एकीकडे पाणी नाही म्हणून, दुसरीकडे पाणी आले म्हणून. तरीही पाटणच्या वाचकास ती ओस वाडी ओळखीची वाटते. ही ओळख हुबेहूबपणाची खचितच नव्हे. कारण ताडून पाहण्यास मूळच त्याच्यासमोर नाही.

‘हुबेहूब’ ही प्रशंसा वस्तुतः लेखकाचे श्रेय काढून घेते. माडगूळकरांनी शाळामास्तर निवेदक केला, म्हणजे वाडीत राहणारा पण वाडीचा नसलेला डोळा निवडला. अशी निवड नकलाकारास करावी लागत नाही. शिवाय या शब्दाने ‘ग्रामीण’ हे एकच जीवन असल्याचा समज पक्का होतो, आणि माणदेश व पाटण यांच्यातील पावसाचे अंतरही समीक्षेच्या दृष्टीस पडेनासे होते. बोलीचे नमुने, सणवार, अवजारांची नावे यांची जंत्री देऊन चित्रण ‘हुबेहूब’ ठरविणारी परीक्षणे कादंबरीविषयी बोलतच नाहीत. ती फार तर खानेसुमारी करतात.