रणमस्तखानाचे राज्य कोणते?

राज्य गेलेल्या मुलाची गोष्ट मराठी किशोर वाचकाला फार आवडते. तिचा साचा ठरलेला आहे. एक राज्य कपटाने बुडते, राजा मारला जातो, एक इमानी सेवक तान्ह्या मुलाला घेऊन रानात पळतो, मुलगा आपले कूळ न कळता वाढतो, तलवार शिकतो आणि एक दिवस बापाचे सिंहासन परत घ्यायला निघतो. हा साचा आज इंग्रजीतून जाडजूड खंडांच्या रूपाने आपल्या मुलांच्या हाती येतो आणि पालकांना तो परदेशी वाटतो. तो परदेशी नाही. मराठीत त्याला शंभर वर्षांहून अधिक वय आहे. आम्हाला ह्या लेखात त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा आहे : राज्य गेलेला हा मुलगा मराठी कल्पनासृष्टीत कधी मुसलमान असतो काय? आणि असला तर त्याचे गेलेले राज्य कोणते?

मराठीतल्या अद्भुतरम्य कादंबरीचा विषय निघाला की नाथमाधवांच्या 'वीरधवल'चे (१९१३) नाव प्रथम येते. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे (१८८२–१९२८). सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेलेला हा माणूस कड्यावरून कोसळला, कमरेखाली लुळा झाला आणि त्यानंतर लेखनाकडे वळला. ज्याचे पाय गेले त्याने घोडदौड करणारे नायक रंगवले. अद्भुत साहित्याला पळपुटे म्हणून हिणवणाऱ्या समीक्षकांनी हा तपशील लक्षात ठेवावा. मनुष्य जे गमावतो त्याचीच कल्पना करतो, आणि त्या कल्पनेत पळ काढण्यापेक्षा झुंज अधिक असते.

पण ह्या कादंबरीचे पूर्वज कोण? हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. ह्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून केलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठी घरांत शिरल्या. बगदादचा खलिफा, जिन, उडता गालिचा, भुयार, कळ दाबली की उघडणारा दगड, हे सारे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले ते तिथून. त्याच्याही मागे दास्तान आहे. अमीर हमजाची दास्तान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने तिचे खंडामागून खंड छापले. तिच्यातला अम्र ऐयार, त्याची साऱ्या जगाला पुरून उरणारी झंबील, त्याचे वेषांतर, हे सारे आजच्या कुठल्याही अद्भुत कादंबरीत शोभेल. दिल्लीचे अखेरचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. नाथमाधवही त्याच वर्षी गेले. हा योगायोगच, पण आम्हाला तो बोलका वाटतो. एका घराण्याच्या दोन शाखा एकमेकींना न ओळखता एकाच वर्षी वठल्या.

म्हणजे ह्या कादंबरीची हत्यारे बरीचशी आपल्या ओळखीच्या भात्यातली होती. फरक पडला तो नायकात. दास्तानीत हमजा नायक होता आणि अरबी गोष्टींत सिंदबाद नायक होता. मराठी अद्भुत कादंबरीने भुयार ठेवले, ऐयारी ठेवली, आणि नायक बदलला. हे स्वाभाविकच होते. ज्या समाजातून लेखक आले त्याचेच स्वप्न त्यांनी लिहिले, आणि पारतंत्र्यातल्या समाजाचे स्वप्न गेलेल्या राज्याचे असणार. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु मुसलमान पात्र बहुधा कैदखान्याच्या दाराशी पहारा करताना, नाहीतर महालात कपट शिजवताना भेटू लागले. ते वाचत मोठा झालेला मुसलमान मुलगा पुस्तकात शिरला की नायकाच्या बाजूने लढे, आणि पुस्तक मिटले की वर्गातली मुले त्याला दुसऱ्या बाजूला उभे करीत.

ह्या परंपरेला एक ठळक अपवाद आहे, आणि तो अद्भुत कादंबरीत नसून तिच्या शेजारच्या ऐतिहासिक रोमान्समध्ये आहे. हरि नारायण आपट्यांची 'वज्राघात' (१९१३–१५) ही ती कादंबरी. 'उषःकाल' लिहिणारे हेच आपटे. त्या नावातच आधीचा काळ म्हणजे रात्र हा अर्थ गृहीत आहे. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी विजयनगरचा विनाश लिहायला घेतला तेव्हा त्यांच्या लेखणीने वेगळेच वळण घेतले. विजयनगरचा रामराजा तरुणपणी मेहेरजान ह्या मुसलमान मुलीवर प्रेम करतो. कुंजवनातले त्यांचे सहजीवन आपटे कोवळ्या हाताने रंगवतात. मग राज्यलोभ जागा होतो, राजकन्येशी लग्न झाले तर सत्तेची वाट मोकळी होणार असते, आणि रामराजा मेहेरजानला सोडतो. तिचा मुलगा रणमस्तखान विजापूरच्या दरबारात वाढतो, विजापूरचा वकील म्हणून विजयनगरात येतो, आणि ज्याचा द्वेष करतो तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नसते. अखेर राक्षसतागडीच्या रणात त्याच्याच हातून बापाचा आणि बापाच्या राज्याचा नाश होतो.

ह्या कादंबरीला हिंदू राज्याच्या नाशाची शोकांतिका म्हणण्याची प्रथा आहे. आमच्या मते ते वाचन अपुरे आहे. आपट्यांनी विजयनगर बुडण्याचे बीज चार सुलतानांच्या एकजुटीत पेरलेले नाही. ते त्यांनी कुंजवनातल्या मोडलेल्या वचनात पेरले आहे. रामराजा पडतो तो परधर्मीयांमुळे नव्हे, एका स्त्रीला दिलेला शब्द त्याने मोडला म्हणून. त्या काळच्या वातावरणात, आणि तेही वाचकप्रिय हिंदू लेखकाने, कादंबरीचे नैतिक केंद्र मेहेरजानकडे द्यावे ही लहान गोष्ट नव्हे. ह्यासाठी आम्ही आपट्यांचे ऋणी आहोत.

तरीही रणमस्तखानापाशी येऊन आम्ही अडखळतो. तो शूर आहे, आईवर जीव टाकणारा आहे, वाचकाचे प्रेम मिळवणारा आहे. पण त्याला निवड करता येत नाही. मेहेरजान बापाचे नाव त्याच्यापासून लपवते. त्यामुळे ज्या एका गोष्टीवर त्याच्या आयुष्याचा निकाल लागणार तीच त्याला माहीत नाही. कादंबरीच्या नावातले वज्र म्हणजे हा मुलगा. वज्र कुणावर पडायचे ते वज्र ठरवत नाही. मराठी कादंबरीला मुसलमान तरुण योद्धा मिळाला खरा, पण दैवाच्या हातातले हत्यार म्हणून. आणि लढाई संपते तेव्हा त्याची स्थिती काय आहे पाहा. आईकडून पाहिले तर त्याचा पक्ष जिंकला. बापाकडून पाहिले तर त्याचे राज्य बुडाले. एकाच दिवशी तो विजयी वीरही आहे आणि पराभूत राज्याचा वारसही. अशा मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे, हा ह्या कथेतला सर्वांत मोठा प्रश्न होता. कादंबरी तिथे थांबते. शोकांतिकेला थांबता येते. आम्हाला मात्र गेली साडेचारशे वर्षे त्या दुसऱ्या सकाळीच जगावे लागत आहे.

इतिहास तर कल्पनेपेक्षा पुढे होता. रामराजाचा मुलगा वारला तेव्हा विजापूरचा तरुण अली आदिलशाह सांत्वनासाठी विजयनगरला गेला आणि रामराजाच्या पत्नीने त्याला मानसपुत्र मानले, असे फरिश्ता सांगतो. पुढे १५६५ च्या जानेवारीत तोच अली रामराजाविरुद्धच्या आघाडीत उभा होता. त्याच सुमारास उत्तरेत अकबराच्या चित्रशाळेत हमजाच्या दास्तानीची सुमारे चौदाशे चित्रे रंगत होती. मनोराज्यातली युद्धे रंगवणारे दरबार आणि खरी युद्धे लढणारे दरबार एकाच काळातले होते. दोन्हीकडे नाती धर्माच्या रेषा ओलांडून जुळत आणि तुटत होती.

रणमस्तखानाला नाकारलेली निवड एका आजच्या कादंबरीने आपल्या नायकाला दिली आहे. पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकी लेखिका सबा ताहिर ह्यांची 'ॲन एम्बर इन द ॲशेस' ही कादंबरी २०१५ साली आली आणि २०२० पर्यंत तिचे चार भाग झाले. रोमन धाटणीच्या एका साम्राज्याने विद्वानांचे राज्य पाचशे वर्षांपूर्वी जिंकले आहे आणि विद्वानांच्या मुलांना आता लिहिण्यावाचण्याचीच बंदी आहे. लाया ही त्या पराभूत लोकांतली मुलगी. इलायस हा साम्राज्याच्या लष्करी शाळेतला सर्वोत्तम सैनिक. त्याची आई त्याच शाळेची क्रूर प्रमुख आहे. तिने त्याला जन्मताच वाळवंटात टाकले आणि एका टोळीतल्या कथाकार स्त्रीने वाढवले. ह्या कथाकार स्त्रियांना लेखिकेने जे नाव दिले आहे त्यात आपल्याला 'कहानी' हा शब्द सहज ऐकू येतो. काश्मीरमधल्या ज्या स्त्रियांच्या घरचे पुरुष लष्कराने नेले आणि परतले नाहीत, त्यांच्याविषयीच्या बातमीतून ह्या कथेचे बीज मिळाल्याचे लेखिकेने सांगितले आहे.

इलायस आणि रणमस्तखान हे भाऊ शोभतात. दोघांचेही जन्मदाते शत्रूपक्षात. पण इलायसला आपली आई कोण हे ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच तो साम्राज्याचा मुखवटा चेहऱ्यावर चिकटू देत नाही. कादंबरीत दोष आहेत. रक्तपात अति आहे, आणि दर थोड्या पानांनी धक्का देण्याच्या नादात पात्रांना विचार करायला उसंत मिळत नाही. तरी तिने एक धाडस केले आहे. पुढच्या भागांत कळते की हे पराभूत विद्वानही निष्पाप नव्हते. त्यांनी सत्तेच्या लोभाने जिनांचा घात केला होता आणि जिनांचा राजा त्याचा सूड उगवतो आहे. म्हणजे बुडालेल्या राज्याच्या पायाखाली आणखी एक बुडालेले राज्य आहे. ज्या वाचकाला हे एकदा कळले तो गतवैभवाच्या कुठल्याही पोवाड्याने सहजी भुलत नाही.

आता आपल्या मातीकडे पाहू. शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या मूर्तिजा नावाच्या बालकाला गादीवर बसवले. १६३६ साली माहुलीला तह झाला आणि तो मुलगा मोगलांच्या हाती गेला. विजापूरचा सिकंदर आदिलशाह १६७२ साली गादीवर आला तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले तेव्हा तो ऐन तारुण्यात कैदी झाला आणि १७०० साली कैदेतच वारला. ही आपल्या मुलखातली खरीखुरी राज्य गेलेली मुले आहेत. त्यांचे राज्य मुसलमान बादशहानेच घेतले आणि त्यांतल्या एकाला मांडीवर घेणारा सरदार मराठा होता. मराठी अद्भुत कादंबरीला ह्याहून चांगला ऐवज कुठे मिळणार? तरी आमच्या वाचनात ह्या मुलांना नायक करणारी किशोर कादंबरी आलेली नाही.

इथे आम्हाला एक सावधगिरीही सुचवायची आहे. सिकंदरला नायक करताना बादशाहीचे गोडवे गायचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. मुळा-पवनेच्या काठची आमची सांगवी घ्या. इथे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या ओढीने सोलापूर, लातूर, बीडकडून आलेली मुसलमान कुटुंबे राहतात. घरात दखनी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. त्यांचे पणजोबा पिंजारी होते, बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन होते. राज्य कधी त्यांच्या हाती नव्हतेच, मग जाणार कुठून? तरीही इतिहासाच्या तासाला शेजारच्या बाकावरून 'तुमचं राज्य' हा शब्द त्यांच्या मुलांच्या अंगावर फेकला जातो. न भोगलेल्या राज्याचा दोष ह्या मुलांच्या वाट्याला आला आहे. त्यांना न भोगलेल्या राज्याचा अभिमान देऊन हे दुखणे बरे होणार नाही. एका खोट्या वारशावर दुसऱ्या खोट्या वारशाचा लेप, एवढेच त्याने होईल.

मुस्लिम मराठी साहित्याने आजवर वास्तवाची वाट धरली. हमीद दलवाईंच्या 'इंधन'पासून आजच्या कवितेपर्यंत आपण गरिबी, दंगल, तलाक, संशय ह्यांवर लिहिले, आणि ते लिहिणे भागच होते. पण बारा वर्षांच्या मुलाला केवळ आपल्या दुःखाचा दाखला देऊन भागत नाही. त्याला घोडा हवा, भुयार हवे, झंबील हवी, आणि त्या भुयारातून आपल्याच नावाने बाहेर पडता यायला हवे. जिन-परीच्या गोष्टींकडे आपल्यातले काही धार्मिक मंडळी आणि काही पुरोगामी मंडळी सारख्याच कपाळाला आठ्या घालून पाहतात. पहिल्यांना त्यात अश्रद्धा दिसते, दुसऱ्यांना अंधश्रद्धा. दोघांनाही आमची विनंती आहे की दास्तान ही आपल्या आजी-आजोबांची रात्रशाळा होती. ती बंद पडली म्हणून मुले गोष्टींवाचून राहिली नाहीत. ती दुसऱ्यांच्या गोष्टींत, दुसऱ्यांनी दिलेल्या भूमिकेत जाऊन बसली.

तेव्हा रणमस्तखानाचे राज्य कोणते? आमच्या मते विजयनगर नव्हे आणि विजापूरही नव्हे. ज्या मुलखात त्याला आईचे आणि बापाचे, दोघांचेही नाव एका दमात, मान खाली न घालता घेता येईल तो मुलूख त्याचा. नकाशात तो नाही, म्हणूनच तो कल्पनेने उभारावा लागेल, आणि मराठीतच उभारावा लागेल, कारण ज्या वर्गात त्याला टोचले जाते त्या वर्गाची भाषा मराठी आहे. आपट्यांनी मेहेरजानला मुलापासून सत्य लपवायला लावले. आपल्यातल्या कुणीतरी ती गोष्ट पुन्हा लिहावी आणि लढाईच्या आदल्या रात्री तिला बोलू द्यावे. मग त्या मुलाने तलवार उचलावी की खाली ठेवावी, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.