धम्मदीप की धम्माचे बेट? : नील डिव्होटा यांच्या श्रीलंकाविषयक लेखनाच्या निमित्ताने

श्रीलंकेतील सिंहली-तमिळ संघर्षाचा विषय निघाला की आपल्याकडील बौद्ध वाचक संकोचतो. ज्या देशाने पालि तिपिटक ग्रंथबद्ध करून जपले, त्याच देशात बौद्धांच्या नावाने इतका रक्तपात व्हावा हे मनास पटत नाही. मग 'ते खरे बौद्धच नव्हेत' असे म्हणून आपण मोकळे होतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक नील डिव्होटा यांचा 'ब्लोबॅक' (२००४) हा ग्रंथ व सिंहली बौद्ध राष्ट्रवादाच्या विचारसरणीवरील त्यांचा छोटा प्रबंध (२००७) ही पळवाट बंद करतात. आम्हांस ते महत्त्वाचे वाटतात ते यासाठीच. जेथे ते थांबतात तेथून पुढे मात्र पालिच्या अभ्यासकालाच चालावे लागेल.

डिव्होटा यांचे मुख्य प्रतिपादन असे की, हा संघर्ष दोन हजार वर्षांच्या वैराचा परिपाक नसून विसाव्या शतकातील राजकीय निर्णयांचे फलित आहे. १९४४ साली तेथील स्टेट कौन्सिलने सिंहली व तमिळ या दोन्ही भाषा राजभाषा करण्याचा ठराव स्वीकारला होता. पुढे मतांसाठी दोन सिंहली पक्षांमध्ये लिलावाप्रमाणे चढती बोली सुरू झाली. १९५५ साली एकाने केवळ सिंहलीचा पुरस्कार केला, फेब्रुवारी १९५६ मध्ये दुसऱ्यानेही समान दर्जाचे आश्वासन सोडून दिले आणि जूनमध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा संमत झाला. नोकऱ्या, विद्यापीठप्रवेश, पोलीस यांपैकी कशातच निःपक्षपातीपणा उरला नाही, आणि शासनावरील विश्वास गमावलेला समाज अखेर शस्त्राकडे वळला. ज्याने हात उगारला त्याच्यावरच तो उलटला, असा 'ब्लोबॅक' या शीर्षकाचा आशय आहे.

या कथनातील १९५७-५८ चा भाग आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. पंतप्रधान बंडारनायके व तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात २६ जुलै १९५७ रोजी करार झाला. त्यात प्रादेशिक मंडळांची तरतूद होती आणि उत्तर-पूर्वेच्या कारभारात तमिळला स्थान होते. तो टिकता तर पुढचे पुष्कळसे टळले असते. परंतु एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठाण मांडले आणि करार मोडल्याचे लेखी घेतल्यावरच ते उठले. पुढच्याच वर्षी बंडारनायके यांचा वध झाला, तोही एका भिक्खूच्या हातून. या करारास विरोध करण्यासाठी कँडीची पदयात्रा काढणारे जयवर्धने हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे वैराविषयीच्या बुद्धवचनाचा आधार घेऊन जपानकडील नुकसानभरपाईवर पाणी सोडले होते. जुलै १९८३ मध्ये तमिळांची कत्तल झाली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी तेच होते. दूरच्या शत्रूला क्षमा करणे सोपे असावे.

येथे बाबासाहेबांचे स्मरण अपरिहार्य आहे. भाषिक राज्यांवरील पुस्तिकेत त्यांनी १९५५ साली बजावले होते की, राज्यांत बहुसंख्य जातीच्या सत्तेखाली अल्पसंख्य चिरडले जातील आणि प्रादेशिक भाषा राजभाषा झाली तर तिच्यातून वेगळे राष्ट्रीयत्व उभे राहील. जन्माने ठरणारे बहुमत हे राजकीय बहुमत नव्हे, हा त्यांचा सिद्धान्त तर त्याहूनही जुना. ज्या १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी ज्या देशाला त्यांनी १९५० साली बौद्ध परिषदेसाठी भेट दिली होती तो नेमका उलट वाटेने गेला. डिव्होटा यांचे विवेचन वाचताना बाबासाहेबांच्या भाकिताची प्रचीती पानोपानी येत राहते.

आमचा मतभेद आहे तो 'महावंसा'च्या संदर्भात. डिव्होटा या ग्रंथाकडे राष्ट्रवादाचे साधन म्हणून पाहतात, आणि राज्यशास्त्रज्ञाला तेवढे पुरते. पण त्यामुळे साधन आणि मूळ ग्रंथ यांतील अंतर दिसेनासे होते. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील हा इतिवृत्तग्रंथ तिपिटकाचा भाग नाही. बुद्धांनी लंकेला तीन वेळा भेट दिली व तेथील यक्षांना हुसकावून बेट धम्मासाठी मोकळे केले, ही त्यातील कथा तिपिटकात कोठेही नाही. दुट्ठगामणी राजाला युद्धातील हत्येचा पश्चात्ताप होतो तेव्हा अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात, की मेले ते दीडच मनुष्य, बाकीचे पशुसमान! तिपिटकातील कोणत्या सुत्ताशी हे जुळते, हे आम्हांस अद्याप कोणी दाखविलेले नाही. त्याहून जुन्या 'दीपवंसा'त या राजाला मोजक्याच गाथा मिळाल्या आहेत आणि तेथे धर्मयुद्धाचा मागमूस नाही. खुद्द महावंसही पराभूत तमिळ राजा एळार याच्या न्यायीपणाची स्तुती करतो आणि विजेत्याने त्याच्या स्मारकाचा मान राखण्याची आज्ञा दिल्याचे सांगतो. राष्ट्रवादी वाचनात ही पाने बहुधा उलटली जात नाहीत.

मौज आहे ती 'दीप' या शब्दाची. पालित त्याचे दिवा व बेट असे दोन्ही अर्थ होतात. महापरिनिब्बान सुत्तातील 'अत्तदीप', 'धम्मदीप' या शब्दांचा आपण दिवा असा अर्थ घेतो. अट्ठकथा मात्र महासागरातील बेट असा घेते, आणि आमच्या मते तोच अधिक युक्त आहे. पुरात सापडलेल्या माणसाला पाय टेकण्यास जागा, एवढाच त्याचा आशय. हे बेट नकाशावर नसते. महावंसाच्या पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी लंका धम्मदीपाने उजळल्याचा जो श्लेष आहे, तेथेही तो शब्द धम्माच्या प्रकाशासाठी आला आहे, बेटाच्या नावासाठी नव्हे. आधुनिक काळात त्याचे 'धम्माचे बेट' झाले आणि मनाच्या आश्रयाची सीमारेषा जमिनीवर आखली गेली.

जमिनीच्या वादात याचे मोल मोठे आहे. उत्तर व पूर्व प्रांत ही आपली परंपरागत भूमी, असा तमिळ पक्षाचा दावा. तेथील स्तूपांचे अवशेष म्हणजे सिंहली वस्तीचा पुरावा, असा प्रतिदावा. पूर्व प्रांतातील पुरावशेषांसाठी २०२० साली नेमलेल्या कृती दलाच्या अध्यक्षपदी संरक्षण सचिव होते आणि प्रारंभी त्यात एकही तमिळ वा मुस्लिम सदस्य नव्हता. परंतु स्तूप म्हणजे सिंहली, हे समीकरण पालि वाङ्मयच खोटे ठरविते. आचार्य बुद्धदत्त चोळ देशातील उरगपूरचे. त्यांनी कावेरीपट्टन येथे ग्रंथरचना केली. अट्ठकथाकार धम्मपाल दक्षिण भारतातील बदरतित्थ विहाराचे. 'मणिमेखलै' हे तमिळ महाकाव्य तर बौद्धांचेच. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी अट्ठकथा लिहिल्या, त्यांनाच त्या अट्ठकथांच्या नावाने परके ठरविले जात आहे! हा मुद्दा डिव्होटा यांच्या युक्तिवादास बळच देणारा आहे.

तमिळ वाघांना यातून सूट मिळत नाही. १९८५ साली अनुराधपुरात बोधिवृक्षाच्या परिसरात झालेली हत्या, १९८७ साली अरंतलावा येथे कापलेले कोवळे सामणेर, १९९० साली उत्तरेतून हाकलून दिलेले मुस्लिम, ही त्यांची करणी. ग्रंथाचा सारा भर भाषेवर असल्याने जातीचा प्रश्न मात्र मागे राहतो. १७५३ साली स्थापन झालेला सियाम निकाय पुढे केवळ गोविगम जातीला उपसंपदा देऊ लागला. त्यावर उपाय म्हणून इतर जातींतील सामणेरांना ब्रह्मदेशात जावे लागले आणि त्यातून अमरपूर निकाय उभा राहिला. संघातच जात पाळणाऱ्यांना शेजारच्या तमिळाला समान मानणे का जड गेले, हा प्रश्न आम्हांस तरी वेगळा वाटत नाही.

दोन्हींपैकी २००७ चा प्रबंध आटोपशीर आहे. अभ्यासवर्गांनी त्यापासून आरंभ करावा. 'ब्लोबॅक'मधील १९५६ ते १९५८ चा भाग त्यानंतर, बाबासाहेबांची १९५५ ची पुस्तिका शेजारी ठेवून वाचावा.